एकोणीस नंबरच्या पेट्या

हमीदामावशीबद्दल मी लिहावं का, हे मला अजूनही नक्की कळत नाही. ती माझ्या नात्यातली नव्हती, पिंपळगावात आमच्या शेजारी राहायची. तिची मुलगी आहे, बारा वर्षं तिच्यासोबत एकाच टेबलावर काम केलेली माझी आई आहे; लिहायचं तर त्यांनी. पण त्या दोघींना लिहिण्याची सवय नाही, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून रेशनच्या अर्जापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत सगळे कागद माझ्याकडे येतात. हेही तसंच आलं. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे की ती मी सोडून दुसरं कोणी सांगणार नाही. गोळ्या सुटत असताना कामावर जावं की नाही, हे मावशीनं मला विचारलं होतं आणि मी 'जा' म्हणालो होतो. त्यानंतर पाच आठवड्यांनी ती वारली. माझी लिहिण्याची पात्रता नसेल, तर वाचणाऱ्यांनी मला माफ करावं.

शेवटची भेट एसटीच्या थांब्यावर झाली. मी सकाळच्या गाडीनं नाशिकला कॉलेजला जातो आणि द्राक्षांच्या पेट्या भरणाऱ्या पॅकहाउसची गाडी बायकांना न्यायला तिथंच थांबते. मावशी डब्याची पिशवी आईकडे देऊन माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात पुढे केले. "बघ मास्तर, हलतात का?" मी दहावी पास झालो तेव्हापासून ती मला मास्तरच म्हणायची. मी नीट बघितलं. "थोडे," म्हणालो. "जरा खोटं बोलायला काय जातं तुझं? कॉलेजात तेवढं शिकवत नाय का?" असं म्हणून ती हसली आणि गाडीत चढली. खिडकीतून पुन्हा एकदा हात बाहेर काढून दाखवला... तो हात मला अजून दिसतो. तो गाडीच्या इंजिनमुळे हलत होता की आपला आपण, हे मी त्या दिवशी नाशिकला पोहोचेपर्यंत ठरवत होतो.

मावशीच्या सुटत होत्या त्या गोळ्या झोपेच्या होत्या. सहा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, मुलगी रुखसाना लग्न होऊन नांदगावला गेली, घरात एकटी मावशी राहिली आणि तिची झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी दिली होती. मावशी तीच जुनी चिठ्ठी दाखवून कुठून ना कुठून गोळी आणत राहिली आणि पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली. हे आम्हाला माहीत होतं, पण गैर वाटत नव्हतं. कोणाला बीपीची गोळी असते, हिला झोपेची, इतकंच. मग दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाईलवर त्या गोळीचं नाव टाकून वाचलं आणि शहाणपणा करून तिला सांगितलं, "मावशी, हे व्यसन आहे." तो शब्द मी वापरायला नको होता. जन्मात कधी मिसरीलाही हात न लावलेली बाई ती. त्याच दिवशी उरलेली पाकिटं गटारीत टाकून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी आई मला बोलवायला आली. मावशी ओट्याला धरून उभी होती, अंगातला ब्लाऊज घामानं भिजलेला, आणि आईनं ताट ठेवलं तर त्या आवाजानं कोणी मारल्यासारखी दचकली. बशीतला चहा तोंडापर्यंत जाईना. मी तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं आणि तिथून आम्हाला नाशिकला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अशी गोळी एकदम बंद करायला तुम्हाला कोणी सांगितलं? फिट आली असती म्हणजे?" मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "कोणी नाय साहेब. माझी मीच शहाणी." डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आणि ती कणाकणानं कमी करायचा तक्ता करून दिला. तो कित्येक महिन्यांचा होता. तो मी मोठ्या अक्षरात लिहून तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवला.

जानेवारीत द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती त्या तक्त्याच्या मधोमध होती. पॅकहाउसमधून सुपरवायझरचा फोन आला, येणार की नाही ते आठवड्यात कळवा म्हणून. बाहेरच्या माणसाला वाटेल, एक हंगाम घरी बसली असती तर काय बिघडलं असतं? मला ते थोडं सांगावं लागेल. द्राक्षाचा घड देठालाच धरायचा, मण्यांना बोट लावायचं नाही, नाहीतर त्यांच्यावरची पांढुरकी भुकटी पुसली जाते. मग बारीक टोकाच्या कात्रीनं खराब मणी आतून काढायचा. हे करताना कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पेटी बंद होते, कंटेनरमध्ये जाते, जहाजावर चढते. तीन-चार आठवड्यांनी परदेशात ती उघडतात तेव्हा त्या एका मण्यानं अख्खी पेटी नासवलेली असते. म्हणून प्रत्येक पेटीवर भरणारीचा नंबर असतो. मावशीचा नंबर एकोणीस, आईचा बावीस. बारा वर्षांत एकोणीस नंबरची तक्रार आली नव्हती. टेबलावरच्या नव्या मुलींना 'एकोणीसजवळ जाऊन बस' असं सांगायचे. त्या एका नंबरावर ती गावात मान वर करून चालायची, आणि आता तिचाच हात हलत होता.

रुखसानाचं फोनवर एकच म्हणणं होतं, "अम्मी, काही गरज नाही. इकडे येऊन राहा." आईचं म्हणणं, "घरी बसून ही भिंतींकडं बघत राहील, त्यानंच जाईल." डॉक्टर म्हणाले, हलकं काम चालेल, चक्कर आली तर थांबायचं, दुचाकी चालवायची नाही, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. आणि मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, तू सांग. तू म्हणशील ते."

मी घाबरलो. एकदा मी सांगितलं होतं आणि काय झालं ते बघितलं होतं. मी तिला म्हणालो, आठ दिवस दे. आईनं एका बागेतून काही घड आणले. मावशी रोज ओसरीत बसून सकाळी एक घड छाटायची आणि दुपारी एक. मी प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, कागदात गुंडाळून आमच्या स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवायचो. कॉलेजात प्रयोगाच्या वहीत लिहितो तसं लिहायचो, किती वाजता, हात कसा होता, आदल्या दिवशी झोप किती. आई म्हणायची, "हिचं झोपेचं औषध सुटंल आणि तुला लागंल." आठव्या दिवशी आम्ही तिघांनी डबा उघडला. दुपारच्या जवळजवळ सगळ्या घडांत एखादा तरी मणी पाझरून तपकिरी झाला होता. सकाळच्या घडांत पहिले दोन खराब, बाकीचे चांगले. मावशीनं दुपारचा एक घड देठाला धरून उचलला. "हे तिकडं गेलं असतं," म्हणाली.

मी म्हणालो, "जा. पण फक्त सकाळी. आणि पंधरा दिवस कात्री नाही."

ती गेली. पहिल्या दिवशी सगळ्या टेबलासमोर उभी राहून तिनं सांगितलं, ते मला आईकडून कळलं. "मी गोळी सोडतेय. माझा हात हालतो. मी कात्रीवर बसल्यावर कोणाला हालताना दिसला, तर मला उठवायचं. लाजायचं नाय." मग कोणीतरी म्हणालं, "तुला कोण उठवणार बाई, उठली तर आमच्याच चुका काढशील." पंधरा दिवस तिनं पेट्यांना चिठ्ठ्या लावल्या. मग कात्री हातात घेतली, सकाळचे तीन तास. तिला कोणी उठवलं नाही. पण बायका उठवायला लाजल्या की खरंच गरज पडली नाही, हे तिला कळेना. घरी येऊन आईला तेच तेच विचारायची. शेवटी म्हणाली, "जाऊ दे. महिन्याभरानं पेटी उघडंल तेव्हा ती सांगंल. ती थोडीच लाजणार हाय."

त्या थांब्यावरच्या भेटीनंतर परीक्षेच्या तयारीसाठी मी नाशिकलाच राहिलो होतो; चौथ्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. फोन बंद करून बॅगेत, बॅग प्रयोगशाळेच्या बाहेर. दुपारी फोन सुरू केला तर आईचे अकरा कॉल. मावशी सकाळी कामाला निघायला चप्पल घालत होती आणि उंबऱ्यातच खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं. मी पोहोचेपर्यंत माती देऊन माणसं परत येत होती.

मी नंतर कपाटावरचा तक्ता घेऊन त्या नाशिकच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गोळी ठरल्याप्रमाणेच कमी होत होती, त्या गोळीचा किंवा कामाचा मावशीच्या जाण्याशी संबंध वाटत नाही. वाटत नाही, असं म्हणाले... त्या शब्दावर मी अजून अडतो. गल्लीत दोन्ही बाजूंनी बोलतात, गोळ्यांनी गेली, कामानं गेली. रुखसाना मला काहीच बोलली नाही. जाताना तिनं मावशीची कात्री आईच्या हातात दिली. ती आमच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली आहे, शेजारी तो रिकामा डबा. आई सकाळी जाताना स्वतःची कात्री घेते, तिला हात लावत नाही. मीही लावत नाही. येता-जाता मात्र मी माझा हात पुढे धरून बघतो, हलतो का.

परवा संध्याकाळी आई कामावरून आली आणि चप्पल न काढता दारातच उभी राहिली. म्हणाली, "तिकडं कंटेनर उघडला. हमीदाच्या शेवटच्या दिवसांतला."

मी वही बाजूला ठेवली.

"तक्रारीची यादी आली. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर वाचली." आई खिळ्याकडे बघत होती. "माझा बावीस हाय त्यात. एकोणीस नाय."