धुऱ्याचा पगार

राज्याचा कारभार नुकताच मराठीत येत होता आणि तो बहुधा माझ्याच जिवावर येतोय, अशी माझी समजूत होती. दर्यापूरकडच्या एका गावी, लिंबाखाली, मी शेतकऱ्यांना सांगत होतो, "माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घाला, सरकार अनुदान देईल." बांधाला तिकडे धुरा म्हणतात, हे मला ठाऊक होतं, पण साहेबानं बांधच म्हणायचं.

पुढ्यातला एक म्हातारा काळं ढेकूळ मुठीत चुरत ऐकत होता. तो उठला.

"दान नको, साहेब. बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून आमी कोणापुढे हात पसरत नाही."

घाम पुसत मी दान आणि अनुदान यांतला फरक व्याकरणासकट समजावला. त्यानं मूठ उघडून माती जागच्या जागी ठेवली.

"सरकार तुमाले महिन्याले देते, त्याले काय मन्ता?"

"पगार."

"मंग आमचाबी पगारच लिवा. धुरे तं आमीच घालून राहिलो."

सगळे हसले. मीही साहेबी हसलो. सायकलवर परतताना मात्र ध्यानात आलं, की मी जन्मात एक धुरा घातला नव्हता. म्हणजे अनुदान मलाच मिळत होतं.