गुडघा उजवा, सुई डाव्या हाताला

बस अशी जवळ. फोनवर असलीस तरी माझ्या पलंगाला टेकून बसलीयस असंच समज आणि ऐक. मावशी आहे म्हणून बोलते, राग धरू नकोस. सहा महिने कंबर धरून वावरून राहिलीस, मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खाऊन राहिलीस, आणि सुयांचं नाव काढलं की म्हणतीस, "मावशी, मला भ्या वाटतं." दोन बाळंतपणं झाली तुझी. आता केसाएवढ्या सुईचं भ्या?

माझं काय झालं ते सांगते. खोटं बोलले तेही सांगते.

तुला माहीतच आहे, तुझे काका गेल्यापासून मी विष्णुपुरीजवळच्या घरात एकटीच राहते. लेक लातूरला. दर फोनला त्याचं एकच, "माय, तू इकडं ये." मी म्हणायचे, येते, येते. येते म्हटलं की माणूस आठवडाभर गप राहतो.

श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि पडले. अर्धा तास तिथंच बसून होते. मग उठले, केस बांधले, दोन भाकरी टाकल्या आणि कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर लेकानं त्याच दिवशी सामान बांधलं असतं, आणि माझं या घरातलं राहणं संपलं असतं. पंधरा दिवसांनी उजवा गुडघा असा धरला की उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागायची. लेकाला म्हटलं, वय झालं.

त्यानं नांदेडला एक सुयांचे, ते अॅक्युपंक्चरवाले, डॉक्टर शोधले आणि रविवारी स्वतः घेऊन गेला. आपल्याकडं डॉक्टर म्हटलं की रिकामं पोट. शुगर तपासायला रिकामं, सोनोग्राफीला रिकामं. मी चहासुद्धा घेतला नव्हता. लेकानं अभिमानानं सांगितलं, "सकाळपासून पाणी नाही घेतलं मायनं." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, उपाशीपोटी सुया टोचल्या तर चक्कर येते. जा, आधी खाऊन या." गुडघ्याच्या उपचारात माझं पहिलं औषध म्हणजे स्टँडवरची इडली.

खाऊन आल्यावर त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, मग प्रश्न सुरू. झोप कशी, पोट साफ होतं का, तहान किती, थंडी सोसते का. दुखतं गुडघ्यात आणि हे विचारतात राग येतो का. पण मला उत्तरं द्यायची वेळच आली नाही. आपल्याकडं पेशंट कधी बोलतो? सोबत आलेला बोलतो.

"झोप छान लागते," लेक म्हणाला.

"राग?"

"छे, माय लई शांत आहे."

सून तिथं असती तर हसून खाली बसली असती.

"कधी पडल्या-बिडल्या होत्या का?"

"नाही, नाही," लेक छातीठोक बोलला. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

डॉक्टरांचा हात जड होता, पण ते म्हणाले त्यांची पद्धतच तशी. सुई शिरताना डास चावल्याएवढंच दुखतं. खरी गंमत आत. ते सुई फिरवतात आणि विचारतात, "जड वाटतंय? ओढल्यासारखं?" हाव म्हटलं की खूश. मग त्या सुयांना वायरी लावून बारीक करंट सोडला. माझी मांडी आपोआप टकटक उडायला लागली, बेडकासारखी. वीस मिनिटं हलायचं नाही. वीसही मिनिटं माझं नाक खाजत होतं.

त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाच-सहा खेपा होईपर्यंत काही बोलू नका, आणि बीपीची गोळी बंद करू नका. आले त्या दिवशी पाय हलका वाटायचा, तिसऱ्या दिवशी परत तसाच. सहा खेपांत आठ आणे फरक पडला. डॉक्टर वाईट नव्हते. लेकानं ज्या मायबद्दल सांगितलं होतं, तिचं दुखणं त्यांनी बरं केलं असेल. ती बाई मी नव्हते.

मग लेक म्हणाला, "लातूरला एक बाई डॉक्टर आहेत. त्यांचा हात लई हलका. आमच्याकडंच राहा, आरामात उपचार घे." आरामात म्हणजे किती दिवस, ते मला कळत होतं. मी पिशवीत चारच लुगडी टाकली.

लातूरचा तो दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांनी दोन जिने चढून जायचं आणि वर डॉक्टरांनी विचारायचं, "कुठं दुखतं?" बाकावर शेजारी एक आजीबाई धापा टाकून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "ज्याला वर येता येतं त्याला औषध कशाला? अन् ज्याला गरज हाय तो खालीच बसलाय रिक्षात."

डॉक्टरीणबाई लातूरच्याच, जुन्या मुसलमान घरातल्या. खाली रस्त्यावर त्यांच्या आजोबांचं कापडाचं दुकान अजून चालू आहे. मला म्हणाल्या, "बैठो अम्मा, दम खा." लेक माझ्या मागं आत यायला लागला तर त्याला म्हणाल्या, "भाई, तुम्ही चाय पिऊन या. दुखणं अम्माचं हाय, अम्मा बोलेल."

इतक्या वर्षांत डॉक्टरपुढं मी पहिल्यांदा एकटी बसले.

त्यांनी पोट दाबलं, पाऊल दाबलं, मग कमरेच्या खाली एका जागी अंगठा ठेवला. मी ओरडलेच.

"अम्मा, कब गिरे थे?"

"न्हाई पडले."

त्यांनी परत दाबलं. "अम्मा, मी तुमची सून न्हाई. मला खरं सांगितलं तर काही बिघडत न्हाई."

मग सगळं सांगून टाकलं. न्हाणी, अर्धा तास, भाकरी, सगळं. डोळ्याला पाणी आलं. दाबल्यामुळं आलं, असं मी म्हणाले. त्यांनी काढलेल्या सुया परत डब्यात ठेवल्या. "आज एकबी सुई न्हाई. हाड तडकलंय का ते आधी एक्स-रेत पाहू. अन् लेकाला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार न्हाई."

जिना उतरताना लेकानं विचारलंच, "एक्स-रे कशाला?" मी पायरीवर बसले आणि सांगितलं. तो शेजारी बसला. चढणारे-उतरणारे आमच्या अंगावरून जात होते.

"कधी पडलीस?"

"श्रावणात."

"आता कार्तिक चालू आहे, माय. आणि मी त्या नांदेडच्या डॉक्टरला छातीवर हात ठेवून सांगितलं, पडली नाही म्हणून."

"लई चांगलं सांगितलंस. ऐकून मलाच खरं वाटलं."

तो हसला नाही. "तिथंच पडून राहिली असतीस तर?"

"म्हणून तर सांगितलं न्हाई. आता नेशीलच मला उचलून."

त्यानं हात धरून मला उठवलं आणि एक्स-रेला नेलं.

हाड शाबूत निघालं. झटका कमरेला बसला होता आणि तोच गुडघ्यात उतरला होता. गुडघ्याची झीज जुनी, ती वेगळी. मग सुया सुरू झाल्या. बाईंची पद्धत निराळी. बारीक नळीतून टिचकी मारतात, सुई गेली की राहिली ते कळत नाही. एक कानात, आणि एक डाव्या हाताला, कोपराजवळ. मी म्हटलं, "बाई, चुकलं तुमचं. गुडघा उजवा हाय." त्या म्हणाल्या, "मालूम हाय. पाय हलवा." हलवला, तर कळ निम्मी. का ते विचारू नकोस, त्यांनी सांगितलं आणि मला कळलं नाही. वरून जळत्या औषधी कांडीचा शेक. मी घोरायला लागले, असं त्या आजीबाईंनी सगळ्या बाकाला सांगितलं.

आठ खेपा झाल्या. आता जिना चढते, उंबरा सहज ओलांडते. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, आणि पौषाच्या थंडीत सकाळी गुडघा बोलतोच. बाईंनी आधीच सांगितलं होतं, झिजलेला गुडघा नवा होत नसतो.

आठवी खेप झाली त्या दिवशी मी भीत भीत पिशवी भरली. लेकानं ती उचलली, गाडीत ठेवली आणि नांदेडच्या रस्त्याला लागला. वाटेत एवढंच म्हणाला, "मिस्त्रीला बोलावलंय." न्हाणीत खरखरीत फरशी बसली, भिंतीला स्टीलचा दांडा बसला. आणि अट घातली. रोज सकाळी सातला मी फोन करायचा. सव्वासातपर्यंत आला नाही तर शेजारीण भिंतीवरून उडी मारणार. तिचंही वय साठ. तिची हाडं मोडू नयेत म्हणून मी वेळेवर फोन करते.

तर पोरी, तू जा त्या बाईंकडं. खाऊन जा, एकटी आत जा आणि विचारतील ते सगळं खरं सांग. त्याआधी दोन दिवस इकडं येऊन जा. हुरड्याचे दिवस आहेत, आणि माझं घर अजून माझं आहे तोवर पाहून जा. फाट्यावर उतरलीस की फोन कर, मी चालत येते घ्यायला. जरा वेळ लागेल, तिथंच थांब.