मोरीत गेलेला बलक

"द्या ती वाटी इकडे! बाबा, सोडा म्हणते ना!"

"सोडतो कसली! तीस वर्षांत या घरात कुणी पिवळं खाल्लं नाही, आणि तुलाच बरे डोहाळे सुचले!"

वाटीत चार बलक होते. एका कडेला लेकीचा हात, दुसऱ्या कडेला बापाचा. आई ओट्यापाशी उभी राहून पातेल्यात पांढरं फेटत होती, जणू शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत असावं. वाटी कलंडली आणि एक बलक ओट्यावर फुटला.

"घ्या! झालं समाधान?" लेक म्हणाली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी ही एकुलती एक लेक दर रविवारी सकाळी यायची. आता तिला पाचवा महिना होता. "डोहाळे नाहीत हे. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी लिहून दिलंय. रोज एक अख्खं अंडं. बाळाच्या मेंदूला कोलीन लागतं."

बापाचा हात वाटीवरून सुटला. "काय लागतं?"

"कोलीन."

"काहीतरीच! कोलीन कोंबड्यांना लागतं."

"आणि माणसं काय हवेवर जगतात?"

त्याने फडकं घेतलं आणि ओट्यावरचा फुटलेला बलक पुसायला लागला.

कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात त्याला सगळे काटा म्हणत. मका, सोयाबीनची पेंड, चुना, मीठ, जीवनसत्त्वांची पूड, सगळं तोलून मिक्सरमध्ये सोडायचं काम त्याचं. त्यातच कोलीनही होतं. भुरकट पूड, मासळीसारखा बारीक वास, आणि हवेतला ओलावा ओढून घ्यायची अशी सवय की झाकण अर्धा दिवस उघडं राहिलं तर डब्यात ढेकूळ. जीवनसत्त्वांच्या पुडीशेजारी ठेवली तर तीही नासवायची. म्हणून तिचा डबा वेगळ्या फळीवर. टनाला एक किलो, आणि तेही सगळ्यात शेवटी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घाण्याला तो ते घालायला विसरला. एक टनभर खाद्य तसंच गेलं. अडीच आठवड्यांनी एक पोल्ट्रीवाली बाई टोपली घेऊन कारखान्याच्या दारात आली. टोपलीत पिल्लं होती. त्यांच्या गुडघ्यामागची शीर जागेवरून घसरली होती, पाय बाहेरच्या बाजूला वळले होते. उभं राहायला जायची आणि बसायची. बाई ओरडली नाही. तिने एक पिल्लू त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "याला जरा चालवून दाखव."

त्या दिवशी कारखान्यातल्या केमिस्टने त्याला समोर बसवून समजावलं. कोलीन नसेल तर यकृतातली चरबी बाहेर पडत नाही, आतच साठत जाते. पेशीचं वेष्टन त्यातून बनतं. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवणारं रसायनही त्यातूनच. शरीर स्वतः थोडं बनवतं, पण पुरेसं नाही, बाकीचं खाण्यातूनच यावं लागतं. "आणि तू घालतोस ते जातं कुठे, ठाऊक आहे? कोंबडी ते अंड्यात उतरवते. जवळजवळ सगळं पिवळ्यात."

हे त्याने पाठ केलं. नव्या माणसांना शिकवलं. पुन्हा कधीही तो विसरला नाही.

त्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ बेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता कोसळला. हृदय. तेव्हाच्या डॉक्टरने तेरवीच्या आधीच, दारात उभं राहून, बजावलं होतं, तूप बंद, अंड्याचं पिवळं बंद. त्याने ते सगळ्या घराला लावलं. कारखान्यातून घरी यायचा, नव्या नवरीला अंडी फोडून दाखवायचा. पांढरं पातेल्यात, पिवळं मोरीत, वर तांब्याभर पाणी. दिवसभर जे तोलून घालायचा तेच संध्याकाळी वाहून जाताना बघायचा. ही दोन कामं एकाच माणसाची आहेत हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी त्याच नवरीच्या, लेकीच्या आईच्या, पोटाच्या तपासणीत यकृतावर चरबी निघाली होती. काडीसारखी बाई. डॉक्टरांनी विचारलं होतं, तेलकट खाता का? तिच्या वतीने त्यानेच उत्तर दिलं होतं, "छे! मीच बघतो तिचं खाणंपिणं." घरी येऊन त्याने तिचे शेंगदाणेही बंद केले होते.

रविवारी दुपारी तो जेवला नाही. लेक निघून गेल्यावर आईला म्हणाला, "अगं, ही पोटात होती तेव्हा तरी तू..."

"एकदा," आई म्हणाली. "तुम्ही अंघोळीला गेला होतात. वाटीतलं कच्चंच प्यायले. मग वाटी दोनदा घासली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचा भाऊ गेला होता. काय सांगणार?"

मंगळवारी रजा टाकून तो तिला घेऊन आहाराच्या बाईंकडे गेला. आरोपीसारखा खुर्चीच्या टोकावर बसला. "माझ्यामुळेच झालं ना हे?"

बाईंनी रिपोर्ट पाहिले. "एका कारणावर बोट नाही ठेवता येत, काका. कोलीन कमी पडणं हे एक कारण असू शकतं. पाळी जाईपर्यंत बायकांचं शरीर ते जरा जास्त बनवतं, नंतर कमी. काकूंना दिवसाला सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या आसपास लागेल. एका अंड्यात साधारण दीडशे. बाकी मासळी, सोयाबीन, शेंगदाणे, दूध, फ्लॉवर."

"म्हणजे दोष माझा की नाही?"

"ते कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही," बाई म्हणाल्या.

त्याला शिक्षा हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून त्याने काम शोधलं. बुधवारी त्याने छोटा वजनकाटा विकत आणला. गुरुवारी फ्रिजच्या दारावर तक्ता लागला: सकाळी अंडी दोन, शेंगदाणे तीस ग्रॅम, फ्लॉवर शंभर, दूध एक पेला. पुढे बरोबरच्या खुणांसाठी रकाना. आई घास घ्यायची आणि तो समोर बसून बघायचा. "ते राहिलं. तेवढं संपव. सव्वाचारशे व्हायला हवेत." नको म्हटलं की त्याचे डोळे भरायचे, मग ती गिळायची.

पुढच्या रविवारी लेक आली तेव्हा आईपुढे दोन उकडलेली अंडी होती आणि शेजारी वजनकाटा. लेक हसली. "बाबा, घाणा लावलाय की काय?"

"हसू नकोस. एकदा चुकलो, आता चुकायचं नाही." त्याने वाटीत शेंगदाणे ओतले, आकड्याकडे पाहिलं, दोन दाणे काढले. "खा गं. पोटभर नको, पुरेसं खा."

आईने अंडं ताटात ठेवलं. ती उठली, फ्रिजच्या दारावरचा तक्ता काढला, घडी घालून त्याच्या हातात दिला.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"मोरीत टाकायचात तेही माझ्या भल्यासाठीच होतं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमचं वाईट वाटणं मला कळतं. पण ते माझ्या पोटात नका भरू. मी तुमची गोण नाही."

घडी हातात धरून त्याने वजनकाटा बाजूला सरकवला.

"उद्यापासून माझं ताट मी वाढून घेणार," आई म्हणाली, "आणि सगळ्यांच्या आधी जेवणार. काय खायचं ते त्या बाईंना मी विचारीन. दवाखान्यात मी एकटी जाणार."