मंगळ्याचे सात फोटो

मी माझ्या बायकोचा बैल विकायला काढला, आणि ही गोष्ट मला स्वतःला तिसऱ्या दिवशी कळली.

'बायकोचा बैल' हे मुद्दाम म्हणतोय. सातबारा माझ्या नावावर आहे, दारावरची पाटी माझ्या नावाची आहे, पण मंगळ्या शोभाचा. आमच्या लग्नात सासऱ्यांनी त्यांच्या हट्टा गावाहून लेकीसोबत एक लाल कंधारी गाय आंदण दिली होती, चंद्री. मंगळ्या तिच्या लेकीचा लेक. तो आठ दिवसांचा असताना त्याची आई साप चावून गेली, आणि शोभानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. (त्या दिवसांत माझा चहा काळा असायचा. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाली, "तुमाला दात हायेत. कडबा खा.") आता मंगळ्या चार वर्षांचा आहे. जुन्या तांब्याच्या घागरीसारखा लाल रंग, रुंद कपाळ, आणि चालतो असा की रस्त्यानं समोरून येणारी जीप आधी बाजूला होते. आमच्या साखरा गावात असा दुसरा बैल नाही. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. मी फक्त दुजोरा देतो, दिवसातून चार-पाच वेळा.

जोडीतला दुसरा बैल माझा आहे. त्याच्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

तर झालं असं, की पोळ्याला माझा चुलतभाऊ बालाजी यानं आपल्या बैलजोडीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि त्याला दोनशेवर लोकांनी अंगठे दाखवले. मी मंगळ्याचा टाकला, त्याला अकरा. त्यातले चार अंगठे माझ्या पोरीनं वेगवेगळ्या मैत्रिणींच्या मोबाइलवरून दिलेले. मी तो फोटो पुन्हा नीट पाहिला. मंगळ्याची शिंगं वरून कापली गेली होती, शेपूट उजवीकडून गेली होती, डाव्या कोपऱ्यात माझं बोट आलं होतं, आणि मागच्या दोरीवर माझी बनियन वाळत होती. सगळ्या फोटोत स्पष्ट म्हणावी अशी तीच एक वस्तू. बालाजीनं खाली लिहिलं होतं, "बैल छान. बनियन बदल."

हे जिव्हारी लागलं. बनियनचं नाही, बैलाचं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सेनगावला एक दिवसाचं प्रशिक्षण निघालं: शेतकऱ्यांनी आपल्या मालाचे फोटो सोशल मीडियावर कसे मांडावेत. हळदवाले आले होते, पपईवाले आले होते, एक जण तर नुसतं जेवण आहे म्हणून आला होता. मी बैल मनात धरून पहिल्या रांगेत बसलो. शिकवणाऱ्या मॅडम फार हुशार. एकेक गोष्ट अशी सांगायच्या की आपण आजवर मोबाइल उलटाच धरत होतो असं वाटावं. मी अख्खी वही भरली.

शेवटी हात वर करून विचारलं, "मॅडम, जिवंत वस्तू असली तर हेच नियम का?"

"कोंबड्या का?"

"त्याहून जरा मोठं."

"सगळ्याला हेच नियम, काका. माल म्हणजे माल."

झालं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मी मंगळ्याला धुऊन-पुसून बाहेर काढला. मॅडम म्हणाल्या होत्या, कोवळ्या उन्हात रंग खुलतो. खुलला. म्हणाल्या होत्या, मागं पसारा नको. म्हणून शेजारच्या बालाजीच्या नव्या घराच्या पांढऱ्या भिंतीपुढं त्याला उभा केला. (मंगळ्यानं भिंतीला अंग घासून घेतलं. ते डाग अजून आहेत, बालाजीही अजून बोलतो.) म्हणाल्या होत्या, माल चारी बाजूंनी दाखवा. दाखवला. डावीकडून, उजवीकडून, पुढून आणि मागून. म्हणाल्या होत्या, आकार कळण्यासाठी शेजारी ओळखीची वस्तू ठेवा. हळदीच्या कांडीजवळ काडेपेटी ठेवतात तसं. बैलाजवळ काय ठेवणार? पोरीच्या हातात मोबाइल दिला आणि मी स्वतः उभा राहिलो. फोटो बघून ती म्हणाली, "पप्पा, यानं बैलाचा आकार कळून नाही राहिला, तुमचाच कळून राहिला."

शेवटचा नियम होता, माल आतून दाखवा. टरबूज कापून लाल गर दाखवावा, तसा. आता बैल आतून कसा दाखवायचा? मी पुष्कळ विचार केला आणि मंगळ्याचं तोंड उघडलं.

शोभा शेणाची पाटी घेऊन चालली होती, ती थांबली. "काहून तोंड उघडून राहिले त्याचं? दवा पाजायची का?"

"आतून दाखवायचं असतंय."

"कुणाला?"

"लोकांना."

तिनं पाटी डोक्यावर नीट केली आणि गेली. लग्नाला अठरा वर्षं झाली की बायका असं जातात.

फोटो मात्र असे आले, की मी स्वतः हरखून गेलो. सहा फोटो आणि सातवा दातांचा, वर चालीचा एक छोटा व्हिडिओ. स्वतःच्या स्टेटसवर टाकून ते त्याच अकरा लोकांनी पाहिले असते. मॅडमनी सांगितलं होतं, कदर करणारी माणसं जिथं असतील तिथं मांडा. म्हणून लाल कंधारी पाळणाऱ्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकले, आणि खाली खरीखुरी माहिती दिली: वय चार वर्षं, सहा दाती, स्वभाव गरीब, वखराला अन् गाडीला बराबर चालतो, कसलीच खोड नाही. गावाचं नाव टाकलं. मोबाइल नंबर टाकला, कारण नंबराशिवाय पोस्ट म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत बालाजीच्या दोनशेचा निकाल लागला. आणि फोन सुरू झाले.

"दात फोटोतले तेच ना?"

"त्याचेच. माझे नाहीत."

"मारतो का?"

"अहो, लेकरू पोटाखालून गेलं तरी पाय उचलत नाही."

"बोला मग, मालक."

"काय बोलावं, मला तर शब्दच सुचत नाहीत."

समोरचा आधी "बरं बरं" म्हणाला. मग म्हणाला, "बघायला येऊ का?"

"या की. केव्हाबी या."

असे मी दोन दिवसांत वीस-पंचवीस फोन घेतले. पोरगी बोर्डात पहिली आल्यावर बाप जसा बोलत असेल, तसा बोलत होतो. लोक इतके बारीक प्रश्न का विचारतायत, असं एकदाही मनात आलं नाही. कौतुक चालू असताना माणूस कशाला शंका काढेल?

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक पिकअप येऊन उभी राहिली. ड्रायव्हरशेजारून माझे सासरे उतरले. धोतर, टोपी, हातात काठी. हट्ट्याहून साखऱ्याला यायचं तर ते नेहमी दोन एसट्या बदलून येतात आणि लेकीसाठी पिशवीत काहीतरी आणतात. आज पिशवी नव्हती, पिकअप होती.

"या मामा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नगं."

सासरा लेकीच्या दारात पाणी घेत नाही म्हणजे प्रकरण साधं नाही.

"जावईबापू," ते उभ्या उभ्याच म्हणाले, "तकलीफ होती तर एक फोन करायचा. आमी अजून हाओत."

"कसली तकलीफ, मामा?"

"कसली ते तुमी सांगा. सारं हट्टा मला इचारून राहिलं, लेकीच्या घरी असं काय अडलं, का तुमी आंदण दिलेल्या गाईचा वंश बाजारात काढला? मी पारावर बसायचं सोडलं दोन दिस."

त्यांनी ड्रायव्हरच्या मोबाइलवर मला माझेच फोटो दाखवले. कुणीतरी ते उचलून पुढं पाठवले होते आणि वर लिहिलं होतं, 'देणे आहे, साखरा.' ड्रायव्हरनं ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

एवढ्यात शोभा बाहेर आली. बापाला पाहून आधी हसली, मग त्यांचं तोंड पाहून थांबली. "काय देणे आहे?"

"तुझा बैल," सासरे म्हणाले. "तुला ठावं न्हाई?"

शोभानं माझ्याकडं पाहिलं. मी बालाजीच्या भिंतीकडं पाहिलं.

"मामा, विकायला नाही टाकला. नुसता दाखवायला टाकला. कौतुकानं."

"कौतुकानं कुणी दात दाखवतंय का?"

आमच्याकडं बैलाचं तोंड दोनच वेळी उघडतात, दवा पाजताना आणि बाजारात. शेंबडं पोरगं सांगेल. मी चाळिशी ओलांडलेला शेतकरी, जन्म गोठ्यात गेला, आणि एक दिवसाच्या प्रशिक्षणात ते विसरून आलो होतो.

"ते काही नगं," सासरे म्हणाले. "सांभाळणं होत न्हाई तर आमचं जनावर आमी नेतो. गाडी आणली हाय. चंद्रीचा नातू परक्या दावणीला जाऊ देणार न्हाई."

शोभा एकदम गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं दाराची चौकट धरली होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या नीट ध्यानात आलं, मी काय करून बसलोय.

आणि नेमक्या त्याच वेळी (अशा वेळा मला बरोबर गाठतात) दारात मोटारसायकल थांबली. दोघं उतरले. पुढच्याच्या खांद्यावर कोरं करकरीत दावं होतं. विकणारा आपलं दावं देत नसतो, घेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं असतं. म्हणजे गडी बैल घेऊनच जायच्या तयारीनं आला होता.

"रामराम. रिसोडहून आलो. बैल पाहाले."

"बैल द्यायचा नाही," मी म्हणालो.

"फोनवर तं तुमीच म्हनले, केव्हाबी या."

"पाहायला या म्हणालो."

"पाहालेच आलो ना. पाहल्याबिगर कोनी नेते का?" मग तो सासऱ्यांकडं वळला. "बाबाजी, सौदा तुमच्याशी झाला का? गाडी तुमचीच दिसते."

"माझा बैल मी घरी न्यायला आलो."

"मंग मालक कोन? यायनं तं सांगतलं मी मालक."

तिघंही माझ्याकडं पाहू लागले. ड्रायव्हरही खाली उतरून पाहू लागला. बालाजी आपल्या ओट्यावर खुर्ची घेऊन बसला, पाय लांब करून.

"मालक मी हाय," शोभा म्हणाली.

तिनं गोठ्यात जाऊन मंगळ्याचं दावं सोडलं. दावं हातात धरलंसुद्धा नाही, त्याच्याच पाठीवर टाकलं, आणि पुढं चालत आली. तो तिच्या मागं मागं आला. ती थांबली, तो थांबला. रिसोडवाल्यानं पुढं होऊन हात लावायला पाहिलं, तर मंगळ्यानं नुसती मान फिरवली आणि शोभाच्या पदरात तोंड घातलं.

मी हे रोज पाहतो, पण त्या दिवशी मीही बघतच राहिलो.

रिसोडवाला त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. "वहिनी," तो म्हणाला, "बारा बाजार पाह्यले मी. असा बैल न्हाई पाह्यला. फोटोत तं काहीच न्हाई आलं याचं."

(हे मला लागलं. पण बैल चांगला म्हणाला म्हणून सोडून दिलं.)

"कोनं पोसला?"

मी घसा साफ केला. शोभानं माझ्याकडं पाहिलं. मी घसा परत होता तसा करून ठेवला.

"बाटलीनं वाढवलाय तिनं," सासरेच म्हणाले. आवाज बदलला होता. त्यांनी मंगळ्याला पाहिलं होतं ते वासरू असताना. काठी भिंतीला टेकवून ते जवळ गेले, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि किती तरी वेळ फिरवतच राहिले. "आजीचं कपाळ घेतलंय, शोभे. सारं चंद्रीचं."

"नेता मग, बाबा?" तिनं विचारलं. सरळ विचारलं, पण डोळे खाली होते.

"ज्यानं वाढवला त्याच्या दावणीचा काढून मी कुठं नेऊ?" सासरे म्हणाले. "पाणी आण."

त्यांनी पाणी घेतलं. मीही घेतलं, तीन तांबे. रिसोडवाल्यानं खांद्यावरचं कोरं दावं काढलं आणि मंगळ्याच्या पाठीवर ठेवलं. म्हणाला, "आनलं आता. त्यालेच राहू द्या." मग त्यानं शोभाला, मंगळ्याला आणि सासऱ्यांना एका ओळीत उभं करून एक फोटो काढला. मी सवयीनं जाऊन शेजारी उभा राहिलो, तर म्हणाला, "भाऊ, तुमी जरा सरका." तो फोटो त्यानं त्याच ग्रुपवर टाकला. एकच फोटो. मागं आमचा गोठा, शेणाची पाटी, दोरीवर कपडे, सगळा पसारा. लोकांनी त्याला किती अंगठे दाखवले ते मी सांगणार नाही. बालाजी मोजून सांगतो, त्याला विचारा. मला एवढंच सांगायचंय की तो फोटो आज माझ्या मोबाइलवर उघडल्या उघडल्या दिसतो, आणि तो मी काढलेला नाही हे मी कुणालाही आपणहून सांगत नाही.

जेवणं झाली. सासरे निघाले. ड्रायव्हर मागचं फाळकं उघडून उभा होता. म्हणाला, "मामा, मग भरायचं काय? एवढ्या लांबून आलो, गाडी रिकामीच न्यायची का?"

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "जावईबापूला नेऊ का गं, शोभे? चार दिस हट्ट्याला राहतील. तुझ्या जिवालाबी आराम."

शोभानं मला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"न्या की, बाबा," ती म्हणाली. "पर मागून तक्रार नगं. आधीच सांगते, खायाला बराबर हायेत, कामाला न्हाईत."