बिनबियांची काकडी

ताईनं काकडी कापली आणि आत बीच नव्हतं. माझी सगळी खटपट तिथून सुरू झाली. आमच्या गटातल्या लोकांना हे सांगितलं की ते हसायचे. अजूनही हसतात. हसू देत.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. ताईचं लग्न झालं ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माणसाशी. दोघं बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायची. तिथंही तिनं गटाराच्या कडेला दुधीचा वेल लावून पत्र्यावर चढवला होता, आणि घरमालकीण कुरकुर करायची पण दुधी न्यायची. मग कंपनीनं भावोजींना हॉलंडला पाठवलं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी तेव्हा महाडला कॉलेज संपवून एका छोट्या गटाबरोबर शेतीच्या प्रश्नांवर पत्रकं काढत होते. पत्रकं लिहायची, छापून आणायची, आणि आठवडी बाजारात उभं राहून वाटायची. लोक त्यात भजी बांधून न्यायचे तरी वाटायची.

हॉलंडमध्ये ताईला चौथ्या मजल्यावरचं घर मिळालं. खाली माती नाही, वर पत्रा नाही. पण त्या गावात फ्लॅटमधल्या लोकांना गावाच्या कडेला बागेसाठी जमिनीचे तुकडे भाड्यानं देतात. नाव नोंदवून वाट पाहायची. ताईला तिचा तुकडा मिळाला तेव्हा तिनं खास फोन करून सांगितलं. घर, बँक, व्हिसा, सगळं भावोजींच्या नावावर होतं. हा एक तुकडा तेवढा तिच्या नावावर होता.

पहिल्या वर्षी तिनं दुकानातून काकडीचं पाकीट आणून लावलं. काकड्या आल्या गुळगुळीत, सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. आमच्याकडं वेलावरची एक चांगली काकडी बियाण्याला ठेवतात आणि तिच्या देठाला चिंधी बांधतात, म्हणजे कुणी चुकून तोडत नाही. ताईनंही लाल चिंधी बांधली. शेजारच्या बागेतले लोक येऊन बघून गेले, त्यांना वाटलं नवस-बिवस आहे. काकडी पिवळी होईपर्यंत ताईनं जपली. मग कापली.

गावात तेव्हा फोन एकाच दुकानात होता. रविवारी ताई तिथं फोन करायची आणि आई आधीपासून जाऊन बसायची. मी गावी असले की आईच्या कानाला कान लावून ऐकायची.

"पिकली नसंल गो," आई म्हणाली.

"पिकली होती आई. मऊ पडली होती."

"मंग बी गेलं कुठं?"

"नव्हतंच. आत नुसती पांढरी सालटं."

आई म्हणाली, "बी नाय तर ती काकडी कसली? नुसतं हिरवं पानी."

मी फोन ओढून घेतला. मला हे सगळं पाठ होतं, आमच्या पत्रकात होतं. सांगायला सुरुवात केली, की बघ, खायचं तुम्ही आणि बी ठेवायचं कंपनीनं, दर वर्षी तुम्ही दुकानाच्या दारात उभं राहायचं, असा हा डाव आहे. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाषण पत्रकात छाप. मला बी दे."

आईनं लगेच बी दिलं. आमच्या चुलीमागच्या भिंतीला काकडीचं बी राख आणि शेण कालवून थापलेलं असतं. धुरामुळं कीड लागत नाही. आईनं उलथन्यानं एक पापुद्रा खरवडून काढला, तसाच पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला.

"आई, शेणासकट?"

"शेन काडलं तर राखणार कोन त्येला? वाटंत किडा लागंल."

मी तो पापुद्रा महाडहून टपालानं पाठवला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं बी. "आणि हे बाहेरचं?" मी म्हटलं शेण. त्यानं पाकीट दोन बोटांनी उचलून काट्यावर ठेवलं. "बाई, लोक परदेशातून वस्तू मागवतात." मी म्हटलं, आम्ही पाठवतो.

पाकीट ताईपर्यंत गेलं नाही. तिकडून तिला एक छापील कागद आला, की असली वस्तू देशात आणायला बंदी आहे, नष्ट केली. मी आईला सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "जाळलं? नुसतं शेन जाळलं का बी पन?"

तिकडं वसंत सुरू झाला होता. बागांची एक कमिटी होती आणि तिचा नियम होता की उन्हाळा लागेपर्यंत ज्या तुकड्यात पेरणी नाही तो तुकडा वाट बघणाऱ्या पुढच्या माणसाला द्यायचा. ताईच्या तुकड्यात नुसती खणलेली माती होती. कमिटीचा एक उंच माणूस दोनदा येऊन कुंपणावरून डोकावून गेला होता.

"मी उद्या दुकानातलं पाकीट आणते," ताई फोनवर म्हणाली.

"आणू नकोस."

"तुझं काय जातंय तिकडं बसून? माझी जमीन जाईल."

"आणि परत बिनबियांची काकडी आली की?"

"मग तू शोध ना! एवढं जग बदलायला निघालीयस, तर मला इथलं एक जुनं बी शोधून दे. इथल्या लोकांच्या आज्या काय खात होत्या? पाकिटं?"

हा प्रश्न मला आवडला. आमच्या एकाही पत्रकात तो नव्हता. युरोप म्हणजे कंपन्या, असंच आम्ही लिहीत आलो होतो. तिथंही कुणाची तरी चुलीमागची भिंत असणार, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गटाच्या कपाटात बाहेरदेशच्या संघटनांची पत्रकं पडलेली होती. त्यांच्यावरचे पत्ते घेतले आणि महाडच्या एसटी स्टँडाजवळच्या नेट कॅफेत बसून ईमेल पाठवायला लागले. वीज जायची, पान अर्ध्यात अडकायचं, मालक म्हणायचा, "मॅडम, जॉबचं आहे का? हॉलंडचा?" मी म्हणायची, "काकडीचं आहे."

उत्तरं यायला लागली तसा माझा पारा चढत गेला. एका सरकारी बियाणे-पेढीत जुन्या जाती ढिगानं होत्या, पण अर्ज करायचा तर संशोधन संस्थेनं. भाजी लावणाऱ्या बाईला सोय नाही. जुनं बी जपणाऱ्यांच्या मंडळांनी लिहिलं, की आमच्याकडं आहे, पण आम्ही विकू शकत नाही. सरकारी यादीत जे वाण नोंदलेलं नाही ते बाजारात विकायला तिकडं कायद्यानं मनाई. म्हणून सभासद आपसात देतात-घेतात. आणि या हंगामाची देवघेव हिवाळ्यातच संपली, पुढच्या वर्षी या.

म्हणजे आजीनं दिलेलं बी मुठीत घेऊन बाजारात बसलं तर गुन्हा! मी हे गटाच्या बैठकीत ओरडून सांगितलं. आमचे अध्यक्ष चहा पीत म्हणाले, "आपलं काम महाड-पोलादपूरचं. हॉलंडमधली काकडी हा आपला मुद्दा हाय का?"

"हाच मुद्दा आहे. आज त्यांच्याकडं यादी आहे. उद्या ती आपल्याकडं येईल आणि माझ्या आईला कुणीतरी विचारील, भिंतीवरचं वाण नोंदवलंय का?"

"मंग काढ मोर्चा हॉलंडवर. एसटी लागती का बघ."

सगळे हसले. मी त्याच रात्री पत्रकाचा मजकूर लिहून काढला. त्यांनी छापला नाही. मी पदरमोड करून छापला.

एक उत्तर मात्र कामाचं आलं. अशाच एका मंडळातल्या बाईंचं, मोजकंच होतं. कायदा विकायला आडवा येतो, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यायला येत नाही. बहिणीला सांगा, बागांमधून एक फेरी मार. जिथं काठ्या वाकड्यातिकड्या आणि वेगवेगळ्या दिसतील, जिथं दुकानातलं काहीच विकत आणलेलं दिसणार नाही, तिथं माग.

ताईला सांगितलं तर ती भडकली. "कुणाच्या तरी फाटकात जाऊन मागू? मी काय भिकारीण आहे?"

आईनं माझ्याकडून फोन घेतला. "बी मागाया लाज कसली गो? पोरगी मागतात लोकं, तुला बी मागवत नाय? फकस्त मोकळ्या हातानं जाऊ नको."

आमच्याकडं दुसरीच्या दारात बी मागायला जाताना पसाभर तांदूळ न्यायचे असतात. ते द्यायचे आणि बी घ्यायचं. मग कुणी नाही म्हणत नाही. आणि पीक आलं की पहिलं बी तिला परत.

ताई गेली. वाकड्या काठ्यांची बाग तिच्या तुकड्याच्या मागंच निघाली, एका म्हाताऱ्या तुर्की जोडप्याची. ती फाटकात ओंजळीत तांदूळ घेऊन उभी राहिली. म्हातारा आला, हसून तांदूळ घेतले आणि चिमण्यांना टाकले! त्याला वाटलं, बाई पाखरांसाठी दाणे देतेय. ताईला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं. तेवढ्यात म्हातारी शेडमधून बाहेर आली, नवऱ्याच्या हातावर फटका मारला आणि उरलेले तांदूळ आपल्या झग्याच्या घोळात घेतले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ताईनं रिकाम्या ओंजळीनं पेरल्यासारखं केलं. म्हातारी आत जाऊन एक जुना पायमोजा घेऊन आली. त्यात घेवड्याचं बी होतं, आणि वर्तमानपत्राला चिकटून वाळलेलं काकडीचं.

ताईनं ते कागदासकट पेरलं. कमिटीचा उंच माणूस पुन्हा आला तेव्हा वाफ्यात कोंब होते. तुकडा तिच्याकडंच राहिला.

काकड्या आल्या आखूड, काटेरी, देठाशी कडू. ताईनं टोक कापून ते कापल्या जागेवर चोळलं, फेस काढला, आपण घरी काढतो तसा. ती तुर्की म्हातारीही तेव्हा मागच्या बागेत तेच करत होती म्हणे. एका काकडीला ताईनं लाल चिंधी बांधली.

ती काकडी तिनं फोन चालू ठेवून कापली. दुकानात आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून होती.

"हाय?"

"आहे आई."

"भरल्यालं हाय का नुसती टरफलं?"

"भरलेलं. ओंजळ भरेल."

"मंग पयलं तिला दे," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडं देऊन दुकानदाराला चहापत्ती मागायला लागली.

पुढच्या वसंतात बागांचा मेळावा होता. ताईनं टेबलावर बी मांडलं. कमिटीच्या त्या उंच माणसानं सांगितलं, हे यादीत नाही, विकता येणार नाही. ताई म्हणाली, विकतंय कोण? काहीतरी आणा आणि घेऊन जा. त्यानं वाकून बी बघितलं. मग त्यानं हात पुढं केला. ताईनं दिलं नाही. मोकळ्या हाताला मिळणार नाही म्हणाली. तो आपल्या बागेत गेला आणि एक कांदा घेऊन आला.

हे मी पत्रकात घातलं. 'युरोपात जुनं बी कुठं मिळतं' असा मथळा देऊन पोलादपूरच्या बाजारात वाटलं. अध्यक्ष म्हणाले, याचा इथं काय उपयोग? मी म्हटलं, घडी करून खिशात ठेवा, यादी आली की काढा.

आईला कांद्याचं सांगितलं. तिला माझ्या पत्रकात काडीचा रस नव्हता. तिनं विचारलं, "मोठा होता का गो कांदा?"