रुविम्बो, रुतेन्दो आणि तिसरी

गुतूकडच्या त्या वस्तीत मुलगी जन्मली की केरेसियाला निरोप जायचा. थोरल्या बहिणीच्या नावाशेजारी धाकटीचं कोणतं शोभेल, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. अंगणात उभी राहून ती दोन्ही नावं हाक मारल्यासारखी मोठ्यानं म्हणून बघायची. "आई दिवसातून वीसदा ओरडणार आहे. जीभ अडखळायला नको," असं म्हणायची. तिला नाव ठेवायला बोलवावं, आणि तिनं आपल्याला नावं ठेवू नयेत म्हणून एरवी तिच्याशी जपून वागावं, असा तिथला रिवाज पडला होता.

कारण केरेसियाची जीभ तिखट होती. शेजारच्या घरातल्या बाईशी तिचं बिनसलं तेव्हा तिनं एक शब्दही तोंडातून काढला नाही. तिनं कुत्रा पाळला आणि त्याचं नाव ठेवलं ताउराई, म्हणजे 'बोला, काय बोलायचं ते बोला'. रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभी राहून ती कुत्र्याला हाका मारायची. भांडण असं कुत्र्याच्या नावावर घालायची त्या भागात जुनी पद्धत आहे. विचारलं तर सरळ हात वर करता येतात. कुत्र्याला हाक मारणं हा काही गुन्हा नव्हे.

भावाच्या घरात तर नाव ठेवण्याचा हक्क तिचाच होता. तिच्या लग्नात नवऱ्याकडून आलेली गाईगुरं देऊन भावाचं लग्न झालं होतं, आणि ज्या बहिणीच्या गुरांवर सून घरी येते तिचा शब्द त्या सुनेला खाली पडू देता येत नाही. पहिली मुलगी झाली, केरेसियानं नाव ठेवलं रुविम्बो, म्हणजे भरवसा. तेव्हापासून भावजयीला सगळे माई रुविम्बो, म्हणजे रुविम्बोची आई, म्हणू लागले. दुसरी झाली, ती रुतेन्दो, म्हणजे आभार. आधी भरवसा ठेवला, मग आभार मानले. अर्थ जुळला, आवाजही जुळला, आणि बायकांनी माना डोलावल्या.

मग केरेसियाचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. ती तीन गाठोडी आणि तो कुत्रा घेऊन भावाच्या अंगणात राहायला आली. माई रुविम्बो तेव्हा तिसऱ्यांदा गरोदर होती. तिनं तोंड वाकडं केलं नाही, झोपडी सारवून दिली. पण एकदा हातपंपावर बायका हसत होत्या, आणि मागून येणाऱ्या केरेसियाच्या कानावर भावजयीचं वाक्य पडलं: "मला वाटलं, सासू नाही, सुटले. देवानं व्याजासकट पाठवली!"

थट्टाच होती. पण ज्या बाईला दुसरं घर उरलेलं नाही तिला अशी थट्टा सोसत नाही. केरेसिया तीन महिने गप्प राहिली. बाळाची नाळ पडली त्या दिवशी तिनं मुलीला हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर नाव सांगितलं, "मुचानेता."

मुचानेता म्हणजे 'दमाल तुम्ही'. मी काही इथून हलत नाही, बघू कोण आधी दमतं. जमलेल्या एकूण एक बाईला कळलं. "मत्सर करणाऱ्यांना उद्देशून आहे," केरेसिया म्हणाली. बाळंतीण गुडघ्यांवर बसली, मान खाली घातली आणि रीतीप्रमाणे ओंजळीच्या टाळ्या वाजवून नावाबद्दल आभार मानले. त्या टाळ्या ऐकताना केरेसियाला फार गोड वाटलं होतं. हे तिला पुढे आठवलं, आणि सगळ्यात जास्त याचीच लाज वाटली.

नऊ वर्षं गेली. नणंद-भावजयीचा राग कधीच निवला होता. केरेसियाचा पाय मोडला तेव्हा माई रुविम्बोनंच तिला चार महिने नाचणीची पेज भरवली, पाठ चोळली. नाव मात्र राहिलं, नावं राहतातच. रुविम्बो आणि रुतेन्दो यांना सगळे एका श्वासात हाक मारत, आणि मग थोडं थांबून "आणि मुचा" म्हणत. मुचा भारी कामसू निघाली. मोठ्या बहिणी एक खेप पाणी आणीत, ही दोन आणी. लाकडाची मोळी तिचीच मोठी. "ही पोर माझ्यावर गेलीय," असं केरेसिया कौतुकानं सांगायची.

चौथी मुलगी झाली तेव्हा वस्तीत पैजा लागल्या. "रुडो ठेवतील," कुणी म्हणालं; रुडो म्हणजे प्रेम. केरेसियाच्या मनात रुनाको होतं, म्हणजे सौंदर्य. दोन दिवस ती अंगणात पुटपुटत होती, "रुविम्बो, रुतेन्दो, रुनाको!" ताल छान पडत होता. तिसरीला गाळलं की ताल छान पडतो, हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

नाळ पडली त्या दिवशी सकाळी ती मुचाबरोबर हातपंपावर गेली. पोरीनं सगळ्यात मोठी बादली भरून डोक्यावर घेतली. मान थरथरत होती.

"अगं, खाली ठेव! मोडशील. घे जरा झोरोरो."

झोरोरो म्हणजे विसावा, तिथे कुणीही कुणालाही म्हणतं तसं.

"मी नाही दमत, तेते." तेते म्हणजे आत्या; मुलांमुळे घरातले मोठेही केरेसियाला तेतेच म्हणत.

"दमतेस म्हणून कोण म्हणालं?"

"तुम्हीच की." मुचा अगदी साधेपणानं बोलत होती. "नावच तसं ठेवलंत. शाळेत बाईंनी सगळ्यांना आपापल्या नावाचं कारण विचारलं. मी सांगितलं, मी झाले तेव्हा आमच्या तेतेंना वाटलं, ही पोर लवकर दमणार. म्हणून मी दमतच नाही. तुम्ही बघितलंय ना? कधी बसलेली दिसले तुम्हाला?"

बादलीतलं पाणी पोरीच्या कपाळावरून ओघळत होतं.

"तेते, एक मागू? रागवायचं नाही हं. बाळाचं नाव माझ्या नावाला जोडी होईल असं ठेवा ना. त्या दोघी एकमेकींच्या आहेत. मला कुणीच नाही."

असं म्हणून ती पुढे चालू लागली. केरेसिया पंपाच्या कट्ट्यावर बसून राहिली. एवढी वर्षं तिला वाटत होतं, आपण भावजयीला टोमणा मारला आणि तो कधीच विरून गेला. तो विरला नव्हता. ही पोर तो रोज दोन-दोन खेपा करून डोक्यावर वाहत होती. म्हातारा ताउराई शेपूट हलवत केरेसियाकडे आला. माणसं भांडणाचं नाव कुत्र्याला देतात. आपण ते तान्ह्या मुलीला दिलं, आणि वर आभार मानून घेतले.

दुपारी सगळे चुलीच्या खोपटात जमले. भाऊ दाराशी टेकून होता, तिन्ही मुली भिंतीपाशी. माई रुविम्बो चटईवरून कशीबशी गुडघ्यांवर आली आणि तिनं बाळ पुढे केलं. "तेते, नाव द्या."

केरेसियानं बाळ घेतलं नाही. ती खाली बसली, भावजयीपेक्षाही खाली, आणि तिनं ओंजळीच्या टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"हे काय तेते?" भाऊ दचकून म्हणाला. "भावजयीपुढे? उठा आधी!"

"तू गप्प बस." मग ती भावजयीकडे वळली, पण वर बघवेना. "माई, तिसरीचं नाव मत्सर करणाऱ्यांना नव्हतं. तुला होतं. तू पंपावर बोललीस ते मी ऐकलं होतं."

"माहीत आहे, तेते. त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या गुरांवर आलेली मी. काय बोलणार होते?" माई रुविम्बोच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "मी सोसलं असतं. पण हाका मी पोरीला मारत होते ना. रोज. मला सांगू नका हे, तिला सांगा."

हेच केरेसियाला नको होतं. मोठ्यांपुढे लाज गिळता येते. नऊ वर्षांच्या मुलीपुढे ती गिळता येईना. भिंतीकडे तोंड करावं असं वाटत होतं, पण ती वळली आणि म्हणाली, "मुचा, तू दमशील असं मला कधीच वाटलं नव्हतं. ते नाव तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्या आईवर राग होता, तो मी तुला चिकटवला. मी चुकले, बाळ."

पोरगी सुटकेनं हसेल असं तिला वाटलं होतं. मुचा तिच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "नाव ठेवताना तुम्ही माझ्याकडे बघितलंच नव्हतं?"

केरेसियानं मान हलवली. नाही, बघितलं नव्हतं. खरंच नव्हतं बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"या बाळाचं नाव मी ठेवायचं नाही," ती म्हणाली. "माई, हक्क तुझा."

माई रुविम्बोनं बाळ मुचाच्या मांडीवर दिलं. "तुझ्या नावाची जोडी हवी होती ना? मग तूच बघ."

मुचानं बाळाकडे बघितलं, इतका वेळ बघितलं की रुतेन्दोनं तिला कोपरानं ढोसलं. मग ती म्हणाली, "झोरोरो." आणि लगेच केरेसियाकडे वळून, "चालेल?"

"मला काय विचारतेस?" केरेसिया म्हणाली. "हाक मारून बघ."

"मुचानेता! झोरोरो!" पोरीनं दोनदा हाक दिली. जीभ कुठेच अडखळली नाही. बाळंतिणीनं टाळ्या वाजवल्या, या वेळी मुचाकडे बघून.

त्यानंतर निरोप येत राहिले, पण केरेसियानं कुणाच्याही मुलीचं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंपावर गेली तेव्हा मुचा आधीच आली होती. मोठी बादली भरलेली होती, आणि पोरगी कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. आत्याला बघून ती उठली नाही.

"तेते," ती जरा भीत भीत म्हणाली, "मी दमलेय."

केरेसियानं बादली उचलून आपल्या डोक्यावर घेतली. पाणी हिंदकळून तिच्या तोंडावरून खाली आलं, आणि त्यातलं बादलीचं किती नि डोळ्यांतलं किती हे पोरीला कळू नये म्हणून घर येईपर्यंत तिनं वळून बघितलं नाही.