पाणथळीची किल्ली

व्हर्लिन कॉट्रेल अठरा वर्षं केंटकीतल्या त्या तळ्याकाठच्या उद्यानात केबिनी साफ करत होती. आलेल्या पाहुण्यांची नावं तिच्या कधी लक्षात राहायची नाहीत. पण त्या ऑक्टोबरात पाहुण्यांच्या यादीत नऊ नंबरच्या केबिनीपुढे ‘ड्वाइट लॅसिटर’ हे नाव वाचलं आणि तिच्या हातातला झाडू थांबला.

तिचा नवरा हॉबर्ट इथल्या पाणथळीची देखभाल करायचा. बदकांची घरटी त्याला पोरांच्या नावांसारखी पाठ होती. नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, व्हर्लिनच्या आईच्या दफनाला जाताना त्यानं पाणी सोडायच्या दाराची किल्ली उद्यानाच्या तेव्हाच्या साहेबांच्या, म्हणजे लॅसिटरच्या हातात दिली. त्याच दोन दिवसांत धो धो पाऊस पडला. दार उघडलंच गेलं नाही, आणि सगळी घरटी अंड्यांसकट बुडाली. लॅसिटरनं अहवालात लिहिलं, किल्ली कॉट्रेलकडे होती. बावीस वर्षांची नोकरी एका ओळीत गेली. हॉबर्ट त्यानंतर तळ्याकडे फिरकला नाही. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचा. तिसऱ्या हिवाळ्यात गेला.

आणि आता पक्षी बघायच्या नव्या मचाणाला लॅसिटरचं नाव देणार होते!

“नऊ नंबर मला दे,” व्हर्लिन कामावरच्या जोडीदारणीला, टॅन्झीला म्हणाली.

“अगं, तू त्याच्या कॉफीत काही घालशील!”

“कॉफीत नाही घालणार.”

तिनं कॅटफिश माशांची डोकी केबिनीच्या ओट्याखाली सारली. वासावर जंगलातले रॅकून आले आणि त्या चोरट्या प्राण्यांनी रात्रभर असा धुडगूस घातला की लॅसिटर सकाळी लाल डोळ्यांनी बाहेर आला. व्हर्लिनला बरं वाटलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं.

“हॉबर्टचं कळलं,” तो गळ आवरत म्हणाला. “भला माणूस. जरा विसराळू, एवढंच.”

“हो, मिस्टर लॅसिटर,” ती म्हणाली. चादरीचं टोक तिनं मुठीत पिळलं होतं.

तो होडी घेऊन गेला. त्याची बायको इमोजीन बोलघेवडी होती. टॉवेल बदलता बदलता व्हर्लिननं त्या मे महिन्याच्या पावसाचा विषय काढला.

“आठवतोय ना!” इमोजीन म्हणाली. “नॅशव्हिलला बहिणीकडे होतो, तिच्या नातीचा बाप्तिस्मा. ड्वाइट सारखा खिशातली एक पितळी किल्ली काढून बघायचा. म्हटलं, अरे, नेऊन दे परत. तर म्हणे, एका पावसानं काय होतंय!”

“हॉबर्टचं पुढं काय झालं, ठाऊक आहे तुम्हाला?”

“नाही बाई. काय झालं?”

“काही नाही.” व्हर्लिननं टॉवेलाची घडी घातली. या बाईची दया यायला हवी होती. आली नाही.

शनिवारी मचाणाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. जुने कर्मचारी झाडून सगळे आले होते. नवी व्यवस्थापक मिस रेनफ्रो म्हणाली, “कुणाला लॅसिटर साहेबांची एखादी आठवण सांगायचीय?”

व्हर्लिननं हात वर केला. “इमोजीनबाईंना सांगू दे. काल ती किल्लीची गंमत सांगितलीत ना, ती सांगा.”

इमोजीन खुशीत उठली आणि बाप्तिस्म्यापासून किल्लीपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. हसली ती एकटीच. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मटकन बसली.

“व्हर्लिन, ही काही जागा नव्हे,” लॅसिटर पुटपुटला.

“हीच जागा, ड्वाइट. घरटी इथंच बुडाली. आणि माझ्या नवऱ्याला तू इथंच बुडवलंस.”

इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. तो उठून गाडीकडे चालू लागला. कुणीही त्याला थांबवलं नाही.

मचाणावर त्याच्या नावाची पाटी बसवलीच नाही. मिस रेनफ्रोनं जुने कागद उकरले, आणि डिसेंबरात राज्य सरकारचं पत्र आलं: हॉबर्टवरचा ठपका रद्द. व्हर्लिननं ते दोनदा वाचलं.

त्याच आठवड्यात इमोजीनचा फोन आला. ती बहिणीकडे राहायला गेली होती.

“तू मला वापरलंस.”

“हो.”

“सरळ विचारलं असतंस, तर मी मिस रेनफ्रोला जाऊन खरं सांगितलं असतं.”

व्हर्लिनला ते पटलं. ही बाई खरंच गेली असती.

“सांगितलं असतंत,” ती म्हणाली. “पण मग त्याचं तोंड मला बघायला मिळालं नसतं.”